रीत शेवटी

पाचवीतल्या मुलाला प्रवेश परीक्षेच्या गणितात मदत करायची म्हणजे काय, याबद्दल आपल्याकडे फारसे मतभेद नाहीत. सराव करून घ्यायचा, वेग वाढवायचा, अडेल तिथे रीत सांगायची आणि जमल्यास दोन-चार युक्त्या शिकवायच्या. नवोदयच्या तयारीत गुंतलेली घरे, सैनिकी शाळेसाठीचे क्लास, शिष्यवृत्तीची मार्गदर्शके, सगळ्यांचा भर यावरच असतो. हा समज मला उथळ वाटतो, कारण तो अडचणीची जागाच चुकीची धरतो. परीक्षेला बसणारे मूल गुणाकार-भागाकारात अडते त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा त्याच्या आधीच अडलेले असते. उदाहरणात काय घडते आहे हेच त्याला दिसलेले नसते. नेमक्या त्या क्षणी आई, बाबा किंवा ताई धावून येतात आणि रीत सांगतात. परीक्षेत जे काम मुलाने एकट्याने करायचे आहे, तेवढेच काम आपण रोज संध्याकाळी त्याच्या हातून काढून घेतो आणि उरलेली आकडेमोड त्याच्याकडून करून घेऊन ‘आज वीस उदाहरणे झाली’ म्हणून समाधान मानतो.

माझे म्हणणे असे की, मोठ्यांची मदत रीत सुरू होण्याआधी संपली पाहिजे. उदाहरणातली परिस्थिती मुलाला स्पष्ट दिसेपर्यंत सोबत करावी, हवा तितका वेळ करावी. त्यापुढची रीत त्याची त्याला सापडू द्यावी, ती वेडीवाकडी आणि लांबलचक असली तरी.

१. परीक्षा नेमके काय तपासते

जवाहर नवोदय विद्यालयाच्या सहावीच्या निवड चाचणीत ८० प्रश्न, १०० गुण आणि दोन तास असतात. त्यांतले ४० प्रश्न मानसिक क्षमतेचे, २० अंकगणिताचे, २० भाषेचे. अंकगणितासाठी धरलेला वेळ अर्धा तास, म्हणजे एका प्रश्नाला दीड मिनिट. सैनिकी शाळांच्या सहावीच्या प्रवेश परीक्षेत गणिताचे वजन याहून मोठे, ३०० पैकी १५० गुण. ५० प्रश्न, प्रत्येकी तीन गुण. शिष्यवृत्ती परीक्षा कुठल्या शाळेत प्रवेश मिळवून देणारी नव्हे, पण घरोघरी तिची तयारी या दोन्हींच्या सोबतच चालते, बहुतेकदा त्याच वहीत. तिच्या पहिल्या पेपरात दीड तासात ७५ प्रश्न आणि त्यांतले ५० गणिताचे.

आता अभ्यासक्रम पाहा. चार मूलभूत क्रिया, अपूर्णांक, दशांश, लसावि-मसावि, मापन, वेळ-अंतर, शेकडेवारी, नफा-तोटा, सरळव्याज, परिमिती, क्षेत्रफळ. यातले बरेचसे शाळेच्या पुस्तकात येऊन गेलेले असते. आकडे मोठे नसतात, ते मुद्दामच बेताचे ठेवलेले असतात. पेपर काढणाऱ्याला मुले गाळायची असतात आणि आकडे फुगवून ती नीट गाळली जात नाहीत. त्यातून फक्त कोण चटकन गुणतो एवढेच कळते. म्हणून तो गोष्टीला पीळ देतो.

एक उदाहरण घेऊ. शेतकऱ्याने जवळच्या रकमेचा एक तृतीयांश भाग बियाण्यावर खर्च केला, उरलेल्या रकमेचा एक चतुर्थांश खतावर खर्च केला, त्याच्याकडे ३,००० रुपये उरले. तर सुरुवातीची रक्कम किती? अपूर्णांकांची बेरीज पक्की केलेले मूल एक तृतीयांश आणि एक चतुर्थांश मिळवते, सात बारांश येतात, उरले पाच बारांश, ते ३,००० म्हणजे पूर्ण रक्कम ७,२००. आकडेमोड निर्दोष आहे, उत्तर पूर्णांकात आले आहे आणि पर्यायांत ७,२०० असणार याची जवळजवळ खात्री धरा. खरे उत्तर ६,०००. चूक झाली ती ‘उरलेल्या’ या शब्दापाशी. दुसरा भाग पहिल्या रकमेचा नसून उरलेल्या रकमेचा आहे, हे दिसले नाही. या मुलाला अपूर्णांकांच्या बेरजेची आणखी पन्नास उदाहरणे दिली तर काय होईल? ते ७,२०० या उत्तरापर्यंत अधिक वेगाने पोहोचेल.

बहुपर्यायी प्रश्नांचे हे वैशिष्ट्य पालकांच्या पुरेसे लक्षात येत नाही. चुकीचे पर्याय सहसा अंदाधुंद टाकलेले नसतात. घाईत वाचणारे मूल कुठे घसरेल हे ओळखून तिथे पर्याय ठेवलेला असतो.

२. कप्तानाचे वय आणि आपल्या खुणेच्या शब्दांची यादी

फ्रान्समधल्या ग्रनोब्ल येथे १९७९-८० च्या सुमारास गणित शिक्षणाच्या अभ्यासकांनी प्राथमिक शाळेतल्या मुलांना एक प्रश्न दिला. जहाजावर २६ मेंढ्या आणि १० बकऱ्या आहेत, तर कप्तानाचे वय किती? सात-आठ ते नऊ वर्षांच्या ९७ मुलांपैकी ७६ जणांनी दिलेल्या आकड्यांवरून काहीतरी हिशेब करून वय काढले. स्टेला बारुक या फ्रेंच शिक्षिकेने पुढे १९८५ मध्ये या विषयावर पुस्तकच लिहिले. २०१८ मध्ये चीनच्या सिचुआन प्रांतातल्या एका परीक्षेत हाच प्रश्न पुन्हा आला आणि त्यावर बराच गदारोळ झाला.

हसण्यासारखे यात काही नाही. ती मुले मंद नव्हती. शाळेने त्यांना जे शिकवले होते ते त्यांनी इमानेइतबारे केले. प्रत्येक उदाहरणाला उत्तर असते, दिलेले सगळे आकडे वापरायचे असतात आणि योग्य क्रिया ओळखली की काम झाले, हे न सांगता शिकवले जाते. आपल्याकडे तर सांगूनही शिकवले जाते. ‘एकूण’ आले की बेरीज, ‘उरले’ आले की वजाबाकी, ‘प्रत्येकी’ आले की भागाकार. अशा खुणेच्या शब्दांच्या याद्या वर्गात भिंतीवर लावलेल्या असतात. मग ‘राजूकडे सीमापेक्षा १५ गोट्या जास्त आहेत, राजूकडे ४० आहेत, तर सीमाकडे किती?’ असे विचारले की ‘जास्त’ हा शब्द धरून ५५ उत्तर येते. राजूकडे जास्त असतील तर सीमाकडे कमी असणार, हे चार वर्षांच्या पोरालाही गोट्या वाटताना कळते. शब्दांच्या यादीने ते कळणे झाकून टाकलेले असते.

याच रोगाचे पाचवीतले लक्षण म्हणजे एक प्रश्न, जो गणिताचा अभ्यास घेणाऱ्या प्रत्येकाने ऐकला आहे: ‘हे लसाविचं आहे की मसाविचं?’ तीन घंटा अनुक्रमे १२, १५ आणि २० मिनिटांनी वाजतात, पुन्हा एकत्र केव्हा वाजतील? ४८ मीटर आणि ६० मीटर लांबीच्या दोन दोऱ्यांचे सारख्या लांबीचे, शक्य तितके मोठे तुकडे करायचे, तर तुकडा किती लांब? पहिल्यात वेळ पुढे सरकत जाते आणि तिन्ही घंटांचे टप्पे एका जागी येण्याची वाट पाहायची आहे. दुसऱ्यात दोरी कापत लहान लहान करत जायचे आहे. घंटेचे उत्तर २० पेक्षा लहान असू शकत नाही आणि तुकडा ४८ मीटरपेक्षा मोठा असू शकत नाही, एवढे मुलाच्या ध्यानात आले तर लसावि-मसावि हा प्रश्न पडतच नाही. पण बहुतेक मोठी माणसे या प्रश्नाचे सरळ उत्तर देऊन टाकतात. ‘लसाविचं.’ एक शब्द बोलला आणि उदाहरणातले सगळे गणित संपले; मुलासाठी उरला तो फक्त भागाकाराचा उभा खांब.

याची दुसरी बाजूही माहीत असायला हवी. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात नारळ आणि फळे विकणाऱ्या पोरांचा अभ्यास १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. गिऱ्हाईक समोर असताना त्यांचे ९८ टक्के हिशेब बरोबर होते. त्याच आकड्यांची नुसती मांडणी कागदावर दिल्यावर ३७ टक्के बरोबर आले आणि गोष्ट सांगून विचारल्यावर सुमारे ७४ टक्के. मुले फक्त पाच होती, म्हणून या टक्क्यांवर फार मोठा डोलारा उभारू नये. तरी एवढे दिसते की परिस्थिती समोर असली की विचार आपसूक चालू लागतो. आणि २०२५ मध्ये दिल्ली व कोलकात्यातल्या बाजारात काम करणाऱ्या मुलांविषयी जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्याने उलट दिशाही दाखवली: शाळेत गणित शिकलेल्या मुलांनाही ते बाजारातल्या व्यवहारात वापरता येत नव्हते. दोन्हींमधला पूल आपोआप बांधला जात नाही. तो बांधायचे काम घरात होऊ शकते आणि त्यासाठी क्लासची फी लागत नाही.

३. मोठ्यांचा ‘क्ष’

शिकलेल्या आईवडिलांची एक खास अडचण असते. त्यांना बीजगणित येते. स्टँडवर रिक्षा आणि दुचाकी मिळून ३० वाहने आहेत, चाके ७२ आहेत, तर रिक्षा किती? बाबा वाचतात आणि हात आपोआप ‘रिक्षा क्ष मानू’ असे लिहू लागतो. तीन क्ष अधिक दोन गुणिले कंसात तीस वजा क्ष. मुलाने असले समीकरण कधी सोडवलेले नसते. ते मान डोलावते, पायऱ्या उतरवून घेते आणि पुढच्या वेळी तसेच उदाहरण आले की ‘ते क्षवालं’ असे म्हणून आपल्याकडे बघते.

बीजगणित वाईट आहे असे मला म्हणायचे नाही. ते विलक्षण ताकदीचे आहे आणि त्याची ताकद परिस्थिती विसरायला लावण्यातच आहे. समीकरण मांडून झाले की रिक्षा आणि दुचाकी नाहीशा होतात, चिन्हे नियमांनुसार हलवत गेले की उत्तर बाहेर पडते. ज्याने परिस्थिती शेकडो वेळा पाहिली आहे त्याला ही सुटका हवीहवीशी वाटते. दहा वर्षांच्या मुलाची तर परिस्थितीशी अजून ओळखच व्हायची आहे.

तेच उदाहरण अंकगणिताने करू. सगळी वाहने दुचाकीच आहेत असे समजा. मग चाके ६० व्हायला हवीत. आहेत ७२. बारा चाके जास्त कुठून आली? प्रत्येक रिक्षा एक चाक जास्त आणते. म्हणजे रिक्षा १२, दुचाकी १८. ताळा पाहा: ३६ आणि ३६, ७२. इथे प्रत्येक वाक्याला अर्थ आहे आणि प्रत्येक संख्या कशाची आहे हे सांगता येते. ‘समजा’ म्हणून खोट्या गोष्टीपासून सुरुवात करायची आणि ती किती चुकली यावरून खरे शोधायचे, ही कल्पना मुलांना मनापासून आवडते, हा माझा अनुभव.

ही वाट नवी नाही आणि कमअस्सलही नाही. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये ‘लीलावती’ रचली तेव्हा अंकगणिताला तिथे आणि बीजगणिताला वेगळ्या भागात जागा दिली. ‘लीलावती’त इष्टकर्म आहे: मनाला येईल ती संख्या धरा, उदाहरणात सांगितल्याप्रमाणे करा, आलेले उत्तर आणि दिलेले उत्तर यांच्या प्रमाणात धरलेली संख्या बदला. विलोमविधी आहे: शेवटापासून उलटे या, बेरीज असेल तिथे वजाबाकी करा, गुणाकार असेल तिथे भागाकार. संक्रमण आहे: दोन संख्यांची बेरीज आणि फरक दिला असेल तर बेरजेत फरक मिळवून निम्मे केले की मोठी संख्या. आज प्रवेश परीक्षेत येणाऱ्या शाब्दिक उदाहरणांचा बराच मोठा भाग या तीन वाटांनी सुटतो, एकही ‘क्ष’ न मानता. चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या नातवाने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढल्याची नोंद आहे. त्याच जळगाव जिल्ह्यातली मुले आज ‘शॉर्ट ट्रिक्स’ची पुस्तके विकत घेतात. असो.

४. मदत कुठे करायची

गणिती जॉर्ज पोल्या यांनी १९४५ च्या ‘हाऊ टू सॉल्व्ह इट’ या पुस्तकात प्रश्न सोडवण्याचे चार टप्पे सांगितले: समजून घेणे, योजना आखणे, ती पार पाडणे आणि मागे वळून पाहणे. शिकवणाऱ्याने मदत फार करू नये आणि फार कमीही करू नये, असेही त्यांचे म्हणणे. हे ‘फार’ कुठे सुरू होते हे घरात ठरवणे अवघड जाते. मी एक ढोबळ रेघ ओढतो: पहिल्या टप्प्यात सढळ हाताने, दुसऱ्यात हात आखडून, तिसऱ्यात मुळीच नाही.

*आधी आकडे झाका.* उदाहरणातले आकडे बोटाने झाकून मुलाला गोष्ट सांगायला लावा. ‘आगगाडी पूल ओलांडते आहे. गाडीची लांबी माहीत आहे, पुलाची लांबी माहीत आहे, वेग माहीत आहे, किती वेळ लागला ते काढायचे आहे.’ मग एकच प्रश्न विचारा: गाडीने पूल ओलांडला असे केव्हा म्हणायचे? टेबलावर मोजपट्टी हा पूल आणि पेन्सिल ही गाडी. इंजिन पुलावर चढल्यापासून शेवटचा डबा पुलावरून उतरेपर्यंत पेन्सिल सरकवली की तिच्या टोकाने पट्टीची लांबी अधिक पेन्सिलीची लांबी एवढे अंतर कापलेले दिसते. आता आकडे उघडा: गाडी १५० मीटर, पूल २५० मीटर, वेग ताशी ७२ किलोमीटर म्हणजे सेकंदाला २० मीटर. उत्तर २० सेकंद. ज्याने पेन्सिल सरकवली नाही ते मूल २५० ला २० ने भागून साडेबारा काढते, आणि साडेबारा हाही पर्याय तिथे बसलेला असतो. ‘गाडीची लांबी मिळवायची असते, लक्षात ठेव’ असे सांगितलेले मूल खांबाच्या उदाहरणात, जिथे फक्त गाडीचीच लांबी मोजायची, तिथे काय मिळवायचे म्हणून चाचपडत राहते. प्लॅटफॉर्मवर उभ्या असलेल्या माणसाच्या उदाहरणात आणखीच.

*मग उत्तर कुठे पडेल ते ठरवा.* ‘अ’ एक काम १२ दिवसांत करतो, ‘ब’ तेच काम ६ दिवसांत. दोघे मिळून किती दिवसांत करतील? काही काढण्याआधी विचारा: सहापेक्षा जास्त दिवस लागतील का? ‘ब’ एकटाच सहा दिवसांत करतो, त्यात मदतनीस आला, म्हणजे कमीच लागायला हवेत. तीनपेक्षा कमी लागतील का? ‘अ’सुद्धा ‘ब’इतकाच चपळ असता तर तीन लागले असते, तो तितका चपळ नाही. म्हणजे उत्तर तीन आणि सहा यांच्या मध्ये. पर्याय १८, ९, ६ आणि ४ असतील तर पेन उचलायचीही गरज उरली नाही. १८ ही बेरीज, ९ ही सरासरी. दोन्ही घाई करणाऱ्यांसाठी ठेवलेले.

अंदाजाला आपल्या शाळांत प्रतिष्ठा नाही. अंदाज म्हणजे ‘ठोकून देणे’ असा समज आहे. माझ्या मते या वयाच्या मुलाला देण्यासारखी सर्वांत मोलाची सवय हीच. उत्तर काढण्याआधी त्याच्या दोन्ही बाजूंच्या हद्दी ठरवणारे मूल कप्तानाचे वय ३६ सांगणार नाही.

*पट्ट्या काढा.* सिंगापूरने १९८० च्या दशकात प्राथमिक गणितात आयताकृती पट्ट्यांची पद्धत आणली. प्रत्येक राशीसाठी एक पट्टी आणि राशींमधले नाते पट्ट्यांच्या लांबीतून दाखवायचे. पाठकोऱ्या कागदावरही हे होते. वडील ३६ वर्षांचे, मुलगा ८ वर्षांचा. किती वर्षांनी वडिलांचे वय मुलाच्या तिप्पट होईल? लहान पट्टी मुलाची. वडिलांची त्याच मापाच्या तीन पट्ट्यांएवढी. दोघांत फरक दोन पट्ट्यांचा. आता मुलाला एवढेच विचारा, आज दोघांच्या वयात किती अंतर आहे आणि पुढल्या वर्षी किती असेल? २८, आणि २८ च. वयातला फरक कधी बदलत नाही हे कळणे म्हणजेच हे उदाहरण. दोन पट्ट्या २८, एक १४, मुलगा १४ वर्षांचा होईल तेव्हा, म्हणजे सहा वर्षांनी. बियाणे-खताचे उदाहरण पट्टीवर काढले तर ७,२०० येतच नाही: पट्टीचे तीन भाग, एक गेला, उरलेल्या दोन भागांचे चार समान तुकडे, त्यांतला एक गेला, उरलेले तीन तुकडे ३,०००. तुकडा १,००० चा, असे चार म्हणजे ४,००० हे दोन भाग, एक भाग २,०००, तीन भाग ६,०००.

याच्यापुढे गप्प बसायचे. हे सर्वांत अवघड. मुलाची रीत आपल्याला आडवळणाची वाटते. ते १४ ऐवजी ९, १०, ११ अशी वये एकेक करून तपासत असते आणि आपल्या तोंडाशी ‘अरे, फरक बघ ना’ आलेले असते. तपासू द्यावे. वयांची जोडी लिहिता लिहिता फरक तोच राहतो हे त्याला स्वतःहून दिसले, तर ते सांगून दिसण्यापेक्षा निराळे दिसते. ताळा मात्र घ्यायला लावावा, प्रत्येक वेळी.

५. युक्त्यांचे मोल

काम-काळाच्या उदाहरणाची प्रसिद्ध युक्ती अशी: दोन्ही दिवसांचा गुणाकार करा, बेरजेने भागा. १२ गुणिले ६, भागिले १८, उत्तर ४. बरोबर आहे, झटपट आहे, आणि पेपरात नेमके तसेच उदाहरण आले तर दहा सेकंदांत गुण मिळतात. हे नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल.

पण तेच उदाहरण थोडे वळवा. दोघांनी मिळून काम सुरू केले आणि दोन दिवसांनी ‘ब’ निघून गेला. काम एकूण किती दिवसांत संपले? युक्तीच्या मुलाचे हात थांबतात. कामाचे १२ सारखे भाग पाडणाऱ्या मुलाचे थांबत नाहीत. ‘अ’ दिवसाला एक भाग करतो, ‘ब’ दोन. दोन दिवसांत सहा भाग झाले, उरलेले सहा ‘अ’ सहा दिवसांत करेल, एकूण आठ. नवीन काही शिकावे लागले नाही. शेकडेवारीतही तसेच. किंमत २० टक्के वाढवून २० टक्के कमी केली तर ४ टक्के तोटा, हे पाठ असते. २० टक्के वाढवून २५ टक्के कमी केली की पाठांतर संपते. १०० चे १२० झाले आणि दुसरी टक्केवारी १२० वर लागते, एवढे ज्याला दिसले तो १२० मधून ३० वजा करून ९० सांगतो आणि पुढे जातो.

युक्तीला स्वतःची हद्द सांगता येत नाही, हा तिचा खरा दोष. ती कुठे चालते हे मुलाला ठाऊक असते. कुठे चालत नाही हे पेपरात कळते. म्हणून युक्ती शिकवायचीच असेल तर ती उदाहरण दोनदा-तीनदा लांब वाटेने सुटल्यावर शिकवावी, आणि शक्य असेल तर मुलाकडूनच काढून घ्यावी. स्वतः आखूड केलेली वाट कुठून आखूड केली हे लक्षात राहते.

६. आक्षेप

पहिला आक्षेप वेळेचा. एका प्रश्नाला दीड मिनिट असताना पट्ट्या कोण काढणार? परीक्षेत कुणीच काढणार नाही. पट्ट्या सहा-आठ महिने आधी काढायच्या असतात, म्हणजे पुढे त्या कागदाविना डोळ्यांपुढे येतात. शिवाय वर पाहिले तसे, हद्दी ठरवण्याने अनेक प्रश्नांत वेळ वाचतो. वेळ खातात ती परिस्थिती न कळता सुरू केलेली आणि अर्ध्यात सोडलेली उदाहरणे. शेवटच्या दीड-दोन महिन्यांत घड्याळ लावून पेपर सोडवावेत यात वाद नाही. आठ महिने आधीपासून घड्याळ लावण्याला माझा विरोध आहे.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर. ज्या आईबापांना स्वतःला गणित येत नाही त्यांनी काय करायचे? नवोदयच्या किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असतात. परीक्षेला बसणाऱ्या कितीतरी मुलांच्या घरी त्यांच्याइतके शिकलेले कुणी नसते. मला वाटते, रीत सांगणे म्हणजेच मदत असे मानले तरच ही घरे दुबळी ठरतात. आकडे झाकून ‘काय झालं ते सांग’ म्हणायला, ‘पेन्सिल सरकवून दाखव’ म्हणायला, ‘सहापेक्षा जास्त लागतील का रे?’ विचारायला बीजगणित लागत नाही. रोजंदारीवर माणसे लावणाऱ्या, बियाण्याचा हिशेब ठेवणाऱ्या माणसाला काम-काळाचे उदाहरण ते शिकवणाऱ्या मास्तरापेक्षा नीट कळत असते. त्याला ‘क्ष’ येत नाही, हा त्याच्या मुलाचा तोटा नाही.

तिसरा आक्षेप पाढ्यांचा. समजण्यावर एवढा भर दिला तर पाठांतर सुटेल, असे जुने शिक्षक म्हणतात, आणि ते बरोबर म्हणतात. तीसपर्यंतचे पाढे पाठच हवेत. ज्याला सात आठे आठवायला थांबावे लागते त्याचे लक्ष गोष्टीवरून उडते. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी हे आपले अपूर्णांकांचे पाढे. १९५७ मध्ये दशमान नाणी आली आणि आणे-पै मागे पडले तसे तेही मागे पडले. त्यातली पावकी-निमकी-पाऊणकी परत आणली तर अपूर्णांकाच्या उदाहरणांत मुलांना खूप सोपे जाईल असे मला वाटते, पण तो वेगळा विषय. पाढे हे तथ्य आहे, ते पाठ करावे. रीत हा निर्णय आहे, तो दर वेळी घ्यावा लागतो.

इथे एक कबुली हवी. ‘असर’ या शैक्षणिक सर्वेक्षणाच्या २०२४ च्या अहवालानुसार देशाच्या ग्रामीण भागातल्या पाचवीच्या मुलांपैकी सुमारे ३१ टक्के मुलांनाच साधा भागाकार जमतो. ज्या मुलाला तो जमत नाही त्याच्यासाठी हा सगळा लेख अवेळी आहे. त्याला आधी भागाकार शिकवावा, आणि तोही वाटण्या करून. माझे म्हणणे परीक्षेच्या तयारीला लागलेल्या, आकडेमोड येणाऱ्या मुलांपुरते आहे.

उरला आक्षेप निकालाचा. क्लासमधली मुले निवडली जातात, मग क्लासची पद्धत चूक कशी? निवड झालेली मुले मोजली जातात, न झालेली कुणी मोजत नाही, हे एक. दुसरे, नवोदयच्या एका विद्यालयात सहावीला साधारण ८० जागा असतात आणि अख्ख्या जिल्ह्यातली मुले त्यांसाठी बसतात. बहुसंख्य मुलांची निवड होणार नाही, मग त्यांनी कुठल्याही पद्धतीने अभ्यास केलेला असो. त्या मुलांच्या हाती वर्षभराच्या अभ्यासातून काय राहिले, हा प्रश्न क्लासच्या जाहिरातीत कधी नसतो. सहावी-सातवीत बीजगणित येते तेव्हा समीकरण म्हणजे पट्ट्यांचीच आखूड नोंद आहे हे ज्याला दिसते, त्याचे वर्ष वाया गेलेले नसते. झटपट सूत्रांची वही मात्र सातवीत कुणी उघडत नाही.

क्लास लावला असेल तर काढा असे मी म्हणत नाही. घरी एक काम मात्र ठेवावे: सराव पेपरातली चुकलेली उदाहरणे आठवड्यातून एकदा काढून बसणे आणि प्रत्येकापुढे मुलाने स्वतःच्या हाताने लिहिणे, आकडेमोड चुकली की गोष्ट चुकली. पहिल्या प्रकारासाठी पाढे आहेत. दुसऱ्या प्रकारासाठी आकडे झाकून पुन्हा सुरुवात करायची, आणि पुढच्या पेपराची घाई त्या दिवशी करायची नाही.